अटकेच्या बातमीत निदान एवढं तरी छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गुन्ह्यांच्या ज्या बातम्या येतात त्याबद्दल लिहितोय. पत्र लांबलंय पण विषय दोन ओळीत बसणारा नाही. माझं तालुका कोर्टाच्या गेटसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, मी वकील नाही, पण एफआयआरपासून निकालापर्यंतचा प्रत्येक कागद कधी ना कधी आमच्या मशीनवरून जातो आणि कागद घेऊन आलेला माणूस झेरॉक्स निघेपर्यंत काउंटरला टेकून एकच विचारतो, "दादा, यात काय लिहिलंय, किती वर्षं लागतील?" त्याला पहिला धक्का पोलीस स्टेशनला बसलेला असतो आणि दुसरा बसतो बातमी वाचून. अमुक कलमाखाली गुन्हा दाखल, सात वर्षांपर्यंत शिक्षा, एवढं छापून आलं की घरात कुणाला घास उतरत नाही, आणि गावाच्या दृष्टीनं तर त्या दिवसापासून पोरगा कायमचा गुन्हेगार.

माझं म्हणणं असं आहे की अटकेची बातमी देता तेव्हा केस कुठल्या पायरीवर आहे, कलम जामीनपात्र आहे का नाही, आणि पकडलेल्या माणसाला कायद्यानं काय मिळायला पाहिजे हे पण द्या. लोकांना हे कुणी सांगत नाही. आणि माहीत नसल्यामुळं पहिल्या चोवीस तासात जे नुकसान होतं ते पुढं कितीही तारखा केल्या तरी भरून निघत नाही, हे मी समोर बघतोय.

आधी कलमांचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली आणि नंबर सगळे बदलले. लोकांच्या तोंडात अजून ३०२, ३०७, ४२०, ४९८ च बसलंय. आता खून १०३, खुनाचा प्रयत्न १०९, फसवणूक ३१८, सासरचा छळ ८५. एफआयआरवर ३०३ दिसलं की बाप हादरतो, त्याला ३०२ च्या शेजारचं काहीतरी भयंकर वाटतं, प्रत्यक्षात ते चोरीचं कलम आहे. त्यात १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांवर अजून जुनीच कलमं लागतात, म्हणजे एकाच कोर्टात एकाच दिवशी दोन्ही नंबर चालू. बातमीत नुसता नंबर छापून वाचकाला काही कळत नाही साहेब, पुढं दोन शब्दात गुन्हा लिहा.

आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारा एफआयआर म्हणजे बांधाचा नाहीतर पाण्याच्या पाळीचा. त्यात ११५(२), ३५२, ३५१(२) आणि शेवटी ३(५), म्हणजे सगळ्यांनी मिळून केलं. नावं पाच-सहा, त्यात म्हातारा बाप, घरातली सून, कधीकधी त्या दिवशी गावात नसलेला भाऊ पण. आता ११५(२) म्हणजे साधी दुखापत, जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. ३५२ म्हणजे मुद्दाम अपमान करून डिवचणं आणि ३५१(२) म्हणजे धमकी, दोन्हीला जास्तीत जास्त दोन-दोन वर्षं. लोक काउंटरवर उभ्या उभ्या बेरीज करतात, एक आणि दोन आणि दोन, झाली पाच वर्षं. अशी बेरीज नसते. शिक्षा झालीच तर ती एकत्र भोगायची का एकामागून एक हे कोर्ट गुन्ह्याचं गांभीर्य बघून ठरवतं, आणि आमच्याकडं झेरॉक्सला येणाऱ्या निकालपत्रांत बहुतेक वेळा एकत्रच असते. 'जास्तीत जास्त' हा शब्द बातमीतून गळतो आणि तिथंच सगळा घोळ होतो. कायद्यात लिहिलेली शिक्षा ही वरची हद्द आहे, त्याच्या खाली किती द्यायची ते कोर्टाच्या हातात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तर एका गुन्ह्याला तीन वर्षांच्या वर कैद देऊच शकत नाही, कलमात काहीही लिहिलेलं असो, आणि दंड पन्नास हजाराच्या वर नाही. आधी कच्च्या कैदेत, म्हणजे निकाल लागायच्या आधी, काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. चोरीचा माल पाच हजाराच्या आतला असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल नाहीतर त्याची किंमत परत केली असेल तर आता कैदेऐवजी सामाजिक सेवेची शिक्षा आहे, ही नवीन कायद्यानं आणलेली चांगली गोष्ट आहे. आणि १९५८ चा परिवीक्षा कायदा आहेच, पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर चांगल्या वागणुकीचा बॉण्ड घेऊन सोडता येतं, एकवीस वर्षांच्या आतल्या पोराला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. हा कायदा इतका जुना असून अर्जात मागितलाच जात नाही कित्येकदा, याचं फार वाईट वाटतं.

एनसीचं, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचं, थोडक्यात सांगतो. अदखलपात्र गुन्हा असेल तर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. "तुझ्यावर एनसी झालीय, ये नाहीतर आत टाकतो" असं कुणी म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पोलिसांचा फोन येतो, "साहेबांनी बोलावलंय, येऊन जा". माणूस जातो, संध्याकाळ होते, घरचे बाहेर बाकड्यावर बसून, आत काय चाललंय कुणालाच ठाऊक नाही. अटक झाली का नुसतं बसवून ठेवलंय हे पण कळत नाही. कायदा काय म्हणतो बघा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक हा नियम नाहीच, अटक का गरजेची आहे हे पोलिसांनी कागदावर लिहायचं असतं. माणूस पळेल का, पुरावा नष्ट करेल का, साक्षीदारांना धमकावेल का, असली कारणं. ती नसतील तर नोटीस द्यायची, पूर्वी ४१ अ ची म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास-अटक-जामिनाच्या नवीन कायद्याच्या, ३५(३) ची. नोटीस घेऊन माणूस हजर राहत असेल तर त्याला अटक करायची नाही, करायचीच तर पुन्हा कारणं लिहून. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अर्नेश कुमार केसमध्ये हे इतकं स्पष्ट सांगितलंय की न पाळणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई आणि कोर्टाचा अवमान दोन्ही होऊ शकतं, आणि डोळे झाकून रिमांड (कोठडीत ठेवायचा हुकूम) देणाऱ्या मॅजिस्ट्रेटवर पण कारवाई. जानेवारी २०२५ मध्ये हे पण सांगून झालं की ही नोटीस व्हॉट्सअपवर पाठवून चालत नाही. तेव्हा फोन आला तर जा, टाळू नका, पण नोटीस लेखी मागा. आणि नोटीस मिळाल्यावर गैरहजर मात्र राहू नका, तिथं लोक स्वतःच्या हातानं अटक ओढवून घेतात.

बांधाच्या केसमधला तो म्हातारा बाप आठवा. साठीच्या वरचा किंवा आजारी माणूस असेल आणि गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर डीवायएसपी किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही, त्याच संहितेचं ३५(७). ही तरतूद नवीन आहे आणि मला आजवर काउंटरवर एकाही माणसाला ती आधीपासून माहीत असल्याचं आठवत नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला, पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला, साठीच्या वरच्याला पोलीस स्टेशनला बोलवायचंच नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं.

आणि अटक केलीच तर कागद. दोन कागद. एक अटकेचा पंचनामा, त्यावर वेळ आणि तारीख पाहिजे, घरचा एक माणूस नाहीतर भागातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार म्हणून पाहिजे, पकडलेल्याची सही पाहिजे, आणि तो सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवलं पाहिजे. दुसरा कागद जास्त महत्त्वाचा, अटकेची कारणं. ती लेखी द्यावी लागतात. २०२३ मध्ये मनी लॉण्डरिंगच्या केसमध्ये, २०२४ मध्ये यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे सांगितलं, पण सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते ६ नोव्हेंबर २०२५ ला, आणि ते प्रकरण आपल्या मुंबईतलंच, वरळीच्या गाडीच्या अपघाताचं. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांनी म्हटलं की गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणं लेखी, आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्यायची. ताबडतोब लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची आणि रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायच्या निदान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. दिला नाही तर अटक बेकायदेशीर, रिमांड पण बेकायदेशीर.

समजेल त्या भाषेत ही गोष्ट छोटी वाटते पण नाही. आमच्या भागात कारखान्यावर, बांधकामावर बिहार-युपीची पोरं आहेत, त्यांच्या हातात मराठी कागद ठेवून सही घेतली तर ते देणं झालं नाही. आणि उलट पण धरा, सुरतला नाहीतर बंगळुरूला कामाला गेलेल्या आपल्या पोराला गुजरातीत, कन्नडमध्ये कारणं देऊन सही घेतली तर ती पण चालत नाही. हे तुमच्या पेपरनं मोठ्या अक्षरात छापावं असं आहे.

आता सही आणि बोलणं. राज्यघटनेच्या कलम २० च्या तिसऱ्या खंडात आहे की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. नाव-गाव-पत्ता खरा सांगायचा, बाकी स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहायचा हक्क आहे. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, असं कायद्यातच लिहिलंय (फिर्याद देणाऱ्याची फिर्यादीवर सही असते, ती वेगळी). पोलिसांपुढं दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, फक्त तिच्यातून एखादी वस्तू सापडली, हत्यार म्हणा चोरीचं सोनं म्हणा, तर त्या शोधापुरता भाग चालतो. त्यामुळं बातमीत जेव्हा छापता की "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं ज्याला काही किंमत नाही ते वाक्य तुम्ही गावाच्या मनात पक्कं करून टाकता. ही ओळ बंद करा अशी कळकळीची विनंती आहे. कोऱ्या कागदावर सही तर कुणीच कधीच करू नये.

वकिलाला भेटायचा हक्क अटकेच्या क्षणापासून आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेटता येतं. आणि पैसे नसतील तर सरकार वकील देतं, हे लोकांना खरंच वाटत नाही! जो माणूस कोठडीत आहे त्याला विधी सेवा कायद्याखाली फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, दिव्यांगांना, मुलांना पण. प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, फोन नंबर १५१००. लोक म्हणतात फुकटचा वकील काय लढणार. पण पहिल्याच रिमांडला कुणीतरी काळा कोट घालून उभा राहणं आणि कुणीच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हाच कुणीतरी विचारायला पाहिजे की कारणांचा कागद कुठाय.

इथं एक जण हमखास विचारतो, असल्या लोकांना वकील कशाला द्यायचा. त्याला मी कसाबच्या केसचा निकाल सांगतो. २६/११ सारखा गुन्हा, सगळ्या देशानं डोळ्यांनी बघितलेला, आणि २९ ऑगस्ट २०१२ ला त्याची फाशी कायम करणाऱ्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं लिहिलं की आरोपीला पहिल्यांदा ज्या मॅजिस्ट्रेटपुढं आणतात त्यानं त्याला सांगितलंच पाहिजे की तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं मिळेल, आणि हे न सांगणाऱ्या मॅजिस्ट्रेटवर खात्याची कारवाई होऊ शकते. त्याला वकील दिला म्हणून शिक्षा थांबली नाही, उलट ती कुणाला नाव ठेवता येणार नाही अशी झाली. काही ठिकाणी वकील मंडळी ठराव करतात की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, तुमच्या पेपरात तो ठराव कौतुकानं छापून येतो. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच असे ठराव बेकायदेशीर ठरवलेत. पुढच्या वेळी ठरावाच्या बातमीखाली हे पण एक वाक्य येऊ द्या.

चोवीस तासांचं सगळ्यांना ऐकून माहीत असतं पण मोजायचं कसं ते नसतं. घटनेच्या कलम २२ प्रमाणं अटकेपासून चोवीस तासात, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागतं, रविवार असो नाहीतर दिवाळी. म्हणून अटकेच्या पंचनाम्यावरची वेळ खरी पाहिजे. सकाळी उचललं आणि कागदावर रात्रीची वेळ टाकली तर सगळा हिशोबच फिरला, घरच्यांनी पोलिसांच्या गाडीत बसवल्याची वेळ तिथल्या तिथं कुणालातरी मेसेज करून ठेवावी, पुढं तोच पुरावा होतो. मॅजिस्ट्रेटपुढं नेल्यावर साहेब किंवा मॅडम विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" बहुतेक जण मागं उभ्या असलेल्या हवालदाराकडं बघून नाही म्हणतात. मार लागला असेल तर तिथंच, त्याच वेळी सांगायचं असतं, कारण मग नोंद होते, डॉक्टरकडं पाठवतात. नंतर सहा महिन्यांनी सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार.

मग पीसीआर का एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी का न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांच्या वर मिळत नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरा दिवसातच संपायची, आता नवीन कायद्यात गुन्ह्याप्रमाणं पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसात तुकड्या-तुकड्यानं मागता येते, त्यामुळं एमसीआर झाली म्हणजे पोलिसांकडं पुन्हा जायचं नाही असं धरून चालू नका. हा बदल मला स्वतःला बरा वाटत नाही, माणूस महिनाभर टांगणीला लागतो. पोलिसांनी साठ दिवसात, आणि दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप, फाशी असल्या गुन्ह्यात नव्वद दिवसात चार्जशीट दिली नाही तर जामीन हा हक्क होतो, गुन्हा कितीही मोठा असो. पण अर्ज करावा लागतो, आणि चार्जशीट यायच्या आत करावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज दिला नाही आणि बासष्टाव्या दिवशी चार्जशीट आली तर गेला हक्क.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यावाच लागतो, पोलीस स्टेशनलाच मिळतो. गरीब माणूस अटकेपासून आठवड्यात जामीनदार आणू शकला नाही तर तो गरीबच आहे असं धरून नुसत्या त्याच्या स्वतःच्या बॉण्डवर सोडायचं असं कायदा म्हणतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन नाहीच असं पण नाही, कोर्ट ठरवतं एवढंच, आणि बाई, मूल, आजारी माणूस यांचा वेगळा विचार होतो. जामीन मंजूर होऊनसुद्धा माणूस आत राहतो तो जामीनदारापायी. सातबारा आणा, ऐपतीचा दाखला आणा, परजिल्ह्यातला चालणार नाही. भूमिहीन माणसानं सातबारा कुठून आणायचा? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, त्याच्याकडं दहा हजाराचा जामीनदार मागितला होता आणि भावाचा जामीन परजिल्ह्यातला म्हणून नाकारला होता, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी हे चुकीचं ठरवलं. तरी अजून तेच ऐकू येतं, आणि मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार उभा करून देणारे फिरतात, त्यांच्या नादी लागून लोक आणखी खड्ड्यात जातात. जामीन मंजूर होऊन सात दिवसात माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय. आणि ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही त्यानं गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला तर त्याला सोडायचं, इतरांना अर्ध्यावर, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले सोडून, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. देशातल्या तुरुंगात चार कैद्यांमधले साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्यावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

चार्जशीटचा गठ्ठा आला की लोकांना वाटतं झालं, आता कोर्टानं दोषी ठरवलं. ती पोलिसांची बाजू असते. तिची पूर्ण प्रत आरोपीला फुकट मिळते, कोर्टात हजर झाल्यापासून चौदा दिवसात. मग कोर्ट दोषारोप ठेवतं, त्याच्या आधी पुरावाच नाही म्हणून सोडून द्या असा अर्ज करता येतो. दोषारोप वाचून दाखवल्यावर विचारतात, गुन्हा कबूल आहे का.

इथं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. किरकोळ केसमध्ये, जुगाराची धाड म्हणा, दारू पिऊन गोंधळ म्हणा, कुणीतरी कानात सांगतं, कबूल करून टाक, पाचशे-हजार दंड भर आणि मोकळा हो, तारखा कशाला घालतोस. पोरगं कबूल करतं. ती शिक्षाच असते साहेब! दंड झाला म्हणजे दोषसिद्धी झाली. मग तेच पोरगं पोलीस भरतीला, होमगार्डला, पासपोर्टला चारित्र्य पडताळणीत अडकतं आणि माझ्या काउंटरवर येऊन म्हणतं, तेव्हा तर दंड भरला होता, संपलं होतं ना. मैदान मारलेलं, लेखी पास झालेलं पोरगं अशा कारणानं लटकताना बघितलं की पोटात तुटतं. केलं असेल तर कबूल करणं चुकीचं नाही, पण त्याचा पुढं काय परिणाम होतो ते वकिलाला विचारून मगच, आणि करायचंच तर परिवीक्षेच्या कायद्याचा फायदा मागून.

ज्याच्यावर अन्याय झालाय त्याचं काय, असं तुमचे वाचक विचारतील. बरोबर आहे विचारणं, ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याची पोरगी गेली, त्याचा राग मी रोज बघतो, ते पण माझ्याकडंच झेरॉक्सला येतात. पण त्यांचंच नुकसान होतं. कारणांचा कागद दिला नाही म्हणून अटक बेकायदेशीर ठरते, झडतीचं व्हिडिओ शूटिंग आता सक्तीचं असून केलं नाही म्हणून पंचनाम्यावर शंका येते, कबुलीवर भरवसा ठेवून दुसरा पुरावा गोळाच केला नाही म्हणून केस पडते, आणि फिर्यादी बाहेर येऊन म्हणतो पैसे खाऊन सोडला. पहिल्या दिवशीचे कागद नीट झाले असते तर तीच केस टिकली असती.

तुम्हाला हे का सांगतोय याला कारण आहे. आज आरोपीचे म्हणून जे हक्क आपण मोजतो त्यातले कितीतरी पेपरच्या बातमीतून आलेत. १९७९ साली बिहारच्या तुरुंगात खटला न चालता वर्षानुवर्षं सडणाऱ्या कैद्यांबद्दल इंडियन एक्स्प्रेसमध्ये लेख आले, ते वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात गेल्या आणि हुसैनारा खातून केसमधून लवकर खटला आणि फुकट वकील हा हक्क ठरला. मुंबईच्या लॉकअपमध्ये बायकांना मारहाण होते असं शीला बरसे या पत्रकार बाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहून कळवलं, त्यावर १९८३ मध्ये निकाल आला, बायकांसाठी वेगळं लॉकअप, नातेवाइकांना कळवणं, आणि तो मॅजिस्ट्रेटचा प्रश्न, काही तक्रार आहे का, तो पण त्याच निकालात आहे. १९८६ मध्ये डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं, त्यातून डिसेंबर १९९६ चा निकाल आला आणि अटकेच्या पंचनाम्याचे नियम झाले. म्हणजे एखाद्या बातमीदारानं पोलिसांच्या प्रेसनोटच्या पलीकडं जाऊन विचारलं म्हणून हे झालं. आता प्रेसनोट जशीच्या तशी छापून येते, खाली आरोपीचा फोटो, कधी घराचा पत्ता पण.

माझी मागणी अशी. अटकेच्या बातमीत केस कुठल्या पायरीवर आहे ते लिहा, गुन्हा नोंदला, अटक झाली, चार्जशीट आली का दोषारोप ठेवला. शिक्षा लिहायची तर जास्तीत जास्त किती असं लिहा. अटकेच्या आधी नोटीस दिली होती का, अटकेची कारणं लेखी दिली का, हे तुमच्या बातमीदारानं तपास अधिकाऱ्याला विचारावं आणि उत्तर छापावं, नुसतं विचारायला लागला तरी कागद व्हायला लागतील. अटकेची बातमी ज्या पानावर छापली त्याच पानावर निर्दोष सुटल्याची पण छापा, तेवढ्याच आकारात. एफआयआर संवेदनशील नसेल तर चोवीस तासात पोलिसांच्या वेबसाईटवर टाकायचा असा २०१६ चा आदेश आहे, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघता येतो, निदान बातमी लिहिताना तो वाचून लिहा.

आणि आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्या, त्यात १५१०० हा नंबर, तुमच्या जिल्ह्यातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता, आणि अटक झाल्यावर कुठले कागद मागायचे ते चार ओळीत. मजकूर मी टाईप करून पाठवतो, एखाद्या चांगल्या फौजदारी वकिलाकडून तपासून घ्या आणि छापा. जागेचं भाडं घ्यायचं असेल तर कोर्टासमोरचे आम्ही टायपिंगवाले, झेरॉक्सवाले आणि दोन-तीन ज्युनियर वकील मिळून भरू, तसं आमचं बोलणं झालंय.

आपला,
तालुका कोर्टासमोरचा एक टायपिंग-झेरॉक्सवाला
(नाव छापू नये, रोज तिथंच बसायचं आहे)